नुसता लाइट पडला

आंबिया बहार उतरायला लागला की नागपूरच्या आमच्या गल्लीत संत्र्याच्या हातगाड्या येतात. मी संत्रं सोलतो आणि सोलता सोलता बोटांचा वास घेतो. घरातल्यांना ही माझी म्हातारपणची खोड वाटते. त्यांना कसं सांगू, की या वासात काहीतरी कमी आहे, आणि जे कमी आहे ते हायपो आहे. हायपो म्हणजे फोटो धुताना शेवटी ज्या पाण्यात बुडवतात ते आंबूस, नाकात चढणारं रसायन. एका हंगामात, कार्तिकापासून माघापर्यंत, माझ्या बोटांना हे दोन्ही वास एकदमच येत होते, आणि कुठल्याही साबणाने ते जात नव्हते.

परवा असाच सोलत बसलो होतो. नातीनं समोरून फोन धरला आणि लगेच खाली केला. मी म्हटलं, "काढ ना."

"काढला की आबा."

"कधी? आवाज कुठे झाला?"

"आवाज मी बंद करून ठेवलाय. तो खोटाच असतो. आत काही वाजत नसतं."

ती निघून गेली. तिच्या बोलण्यात काही चूक नव्हती. मी मात्र हातातली फोड तोंडात टाकायची विसरलो. आवाज खोटा असू शकतो हे मला त्या दिवशी कळलं. उजेड खोटा असू शकतो हे मला फार आधीपासून माहीत आहे. तो खोटा उजेड मीच पाडला होता.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. मी सव्वीस वर्षांचा होतो. नागपूरजवळच, पण मध्य प्रदेशात असलेल्या सौंसरच्या एका शाळामास्तरांचा मुलगा, नागपुरात शिकलेला, आणि आता लग्नाचे फोटो काढून पोट भरणं हलकं वाटू लागलेला. मला खऱ्या जगण्याचे फोटो काढायचे होते. भोपाळच्या एका संस्थेनं कापूस वेचणाऱ्या बायांवर चित्रमालिका करायला सांगितलं, तेव्हा मला स्वर्ग दोन बोटं उरला. छायाचित्रकारानं तिथे नसल्यासारखं असावं, असं मी एका जाड पुस्तकात वाचलं होतं. सौंसरच्या शिवारात नसल्यासारखं असणं म्हणजे काय, हे पुस्तक लिहिणाऱ्याला ठाऊक नसावं. तिथे नवा माणूस बांधावर उभा राहिला की तीन शेतांतून हाक येते, "कोनाचे पाहुणे जी?"

फोटो धुवायला मी सौंसरहून बसनं पांढुर्ण्याला जायचो. तिथे मारोतरावांचा स्टुडिओ होता. मारोतराव वडिलांचे स्नेही. साठीचे, बारीक चणीचे, आणि कायम लाल बल्बखाली बसल्यामुळे की काय, उन्हात आले की डोळे किलकिले करणारे. स्टुडिओच्या पडद्यावर तळं, तळ्यात दोन हंस, आणि कुठेही न जाणारा एक संगमरवरी जिना रंगवलेला होता. पंचक्रोशीतली निम्मी नवी जोडपी त्या जिन्यावर हात ठेवून उभी राहिली असतील. कोणी गेलं की मारोतरावांना बोलावणं यायचं, कारण जित्या माणसाचा फोटो काढायचा राहूनच गेलेला असायचा. मग मारोतराव त्या मिटलेल्या डोळ्यांचा फोटो आणायचे आणि अगदी बारीक ब्रशनं डोळे उघडून द्यायचे.

मी एकदा म्हटलं, "काका, हे खोटं आहे."

त्यांनी ब्रश खाली ठेवला नाही. "खोटं कायचं? त्याईले डोळे होते नं? मी काय नवे बसवून राहिलो?"

शनिवारी त्या बसमध्ये जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला जाणाऱ्यांची गर्दी असे. नारळांच्या पिशव्या, फुलं, मांडीवर लेकरं, आणि मी मधे कॅमेऱ्याची पेटी पोटाशी धरून उभा. आपण काहीतरी फार मोलाचं नेतो आहोत असं मला वाटायचं. आता वाटतं, त्या बसमध्ये प्रत्येकच जण तसं काहीतरी धरून उभा होता.

बोरगावला, गावाला लागूनच असलेल्या एका शेतात वेचणी चालली होती. आदल्या दिवशी जाऊन मी बायांना सांगून ठेवलं की उद्या तुमचे फोटो काढायला येणार आहे. हीच माझी पहिली चूक. दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर पोचलो तर कापसाच्या पऱ्हाटीत सगळा शिमग्याचा रंग. एकूण एक बाई ठेवणीतल्या लुगड्यात. केस तेल लावून चापून बसवलेले, कुणाच्या कानात मैत्रिणीकडून मागून आणलेले डूल. कापूस वेचताना बाया अंगावर नवऱ्याचा जुना शर्ट घालतात, वाळक्या बोंडांनी हात ओरबाडू नयेत म्हणून. आज तो शर्ट कुणाच्याच अंगावर नव्हता. हात ओरबाडून घ्यायला त्या तयार होत्या.

माझं डोकं फिरलं. "असं नाही चालणार," मी म्हटलं. "जशा रोज असता तशा या. रोजच्या कपड्यात."

बायांमध्ये कवतिका नावाची एक होती. पस्तिशीची असेल; उन्हानं रापलेली, चटपटीत, बोलायला कुणाला न भिणारी. बोरगावच्या बुद्धविहाराजवळ तिचं घर. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "रोजचे तर रोजच असते नं भाऊ. फोटो रोज निघते काय?"

मी पुस्तकातलं काहीबाही बोललो. तिनं ऐकून घेतलं आणि सौदा केला. "पहिले आमचा एक काढा, मायलेकीचा. चांगल्या कपड्यात. मंग तुमी म्हणान ते घालतो."

तिची मुलगी शेवंता तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. अठराची, सरळ नाकाची, नव्या पोपटी लुगड्यात अवघडलेली. माघात तिचं लग्न होतं, वरुडकडे दिलं होतं. दोघी खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या, पावलं जुळवून, हात सरळ खाली. मारोतरावांच्या जिन्यासमोर लोक उभे राहतात तशाच. मला त्या उभं राहण्याचाच तिटकारा होता. रोलमध्ये फोटो उरले होते मोजके, ऊन चढत होतं, आणि या दोघींमागे बाकीच्या बाया रांग धरून उभ्या राहणार हे दिसत होतं.

तेव्हा लग्नाचे फोटो काढणाऱ्यांमध्ये एक युक्ती चाले. फ्लॅशच्या पाठीवर एक लहानसं बटण असतं, दिवा चालतो की नाही ते पाहण्यासाठी. ते दाबलं की लखकन उजेड पडतो, कॅमेरा मात्र गप्प असतो. दारू प्यालेले वऱ्हाडी पुन्हा पुन्हा फोटो मागायला लागले की ते बटण दाबायचं. लाइट पडला म्हणजे फोटो निघाला, अशी लोकांची खात्री असायची. मी कॅमेऱ्याला फ्लॅश लावला, कॅमेरा डोळ्याला लावून दुसरा डोळा मिटला, "हं, इकडे बघा" म्हटलं, आणि मागचं बटण दाबलं.

भर सकाळी लाइट पडला. दोघींनी पापणीसुद्धा हलवली नाही. मग उरलेल्या बायांवरही मी तोच उजेड पाडला. बोलाचीच कढी, बोलाचाच भात. बाया हसत घरी गेल्या आणि जुनी लुगडी नेसून, शर्ट चढवून परत आल्या. शेवंता तेवढी पोपटी लुगड्यातच राहिली. दुपारी सासरकडचे कोणी येणार होते, म्हणून ती बांधावर उभं राहून नुसती आईशी बोलत होती. फ्लॅश पेटीत टाकून मी कामाला लागलो आणि मनासारखे फोटो काढले.

या गोष्टीतली गंमत मला तेव्हा दिसली नाही. चांगल्या कपड्यात आलेल्या बायांना फाटके कपडे घालायला लावले मी, आणि वर त्या फोटोंना 'जसं आहे तसं' म्हणालोही मीच. त्या सकाळी खरं तर जे होतं ते पोपटी होतं.

पांढुर्ण्याला रोल धुतला. सगळे फोटो ओळीनं छोटे छोटे छापलेला कागद भिंगाखाली धरून मी निवड करत होतो. जे नको त्यावर लाल पेन्सिलीनं फुली. एक फोटो मिळाला आणि मी भिंग तिथेच थांबवलं: कवतिका खाली वाकलेली, चेहरा पदराआड, फक्त दोन हात बोंडावर, आणि उकललेला कापूस. याच्यासाठीच तर सगळं चाललं होतं. मारोतरावांनी खांद्यावरून डोकावून पाहिलं आणि त्याच्या पुढच्या फोटोवर बोट ठेवलं. "हा पाहा. बाई काय हसून राहिली!"

"हसताना नको काका. राबणारी बाई हसताना दाखवली तर लोक म्हणतील, चाललंय की सगळं ठीक."

"राबणारी हसत नसते काय?"

मी फुली मारली.

पुढच्या आठवड्यात बोरगावला गेलो तर कवतिकानं ओटीतला कापूस रिकामा करता करता विचारलं, "फोटो झाला काय जी, भाऊ?" मी म्हटलं, "धुवाचा आहे अजून." मग सौंसरच्या बाजारात भेटली, पुन्हा तेच. या वेळी तिनं मला एका बाजूला नेलं. भोवती मिरच्यांचे ढीग, वांगी, माणसांचा कलकलाट. ती हळू आवाजात बोलली.

"माह्या मायचं तोंड मले याद नाही भाऊ. चार वर्साची होती मी, ती गेली तवा. आता शेवंता जाईन वरुडकडं. तिच्या पेटीत माहं तोंड राहू द्या म्हणते. अन तिचं माह्यापाशी. बस, एवढंच काम आहे."

तेव्हा तरी मी सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं: बाई, तो फोटो निघालाच नाही, उद्या येतो आणि काढतो. मी म्हटलं, "होऊन जाईल." काय आडवं आलं, याचा मी इतकी वर्षं विचार करतो आहे. तिची भीती नव्हती. तिच्या डोळ्यांत माझी जी किंमत होती ती मला मोडायची नव्हती. आणि मोडू नये म्हणून मी ती रोज थोडी थोडी खात होतो.

पौष संपत आला तेव्हा ती पांढुर्ण्याला आली. एका दिवसाची मजुरी बुडवून, बसनं, पत्ता विचारत विचारत स्टुडिओपर्यंत. मी आत डार्करूममध्ये होतो. पातळ दारातून तिचा आवाज ओळखला आणि हातातला चिमटा हायपोतच सोडला. मारोतराव आत डोकावले. मी कुजबुजलो, "सांगा, दार उघडता येत नाही, फोटो खराब होतील." ते तसेच परत गेले. बाहेर बाकावर ती बसून राहिली. मी लाल उजेडात उभा. तिच्या पिशवीतल्या संत्र्यांचा वास दाराच्या फटीतून आत यायला लागला आणि हायपोच्या वासात मिसळला. तोच हा वास, जो मी अजून हुडकतो.

पुष्कळ वेळानं ती उठली. "गाडी जाईन मंग. हे संत्रे द्या भाऊले," असं म्हणालेलं मी ऐकलं.

बाहेर आलो. मारोतरावांनी टेबलावरची पिशवी माझ्याकडे सरकवली. "काढला होता नं तिचा फोटो?"

"रोल खराब झाला," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ते किलकिल्या डोळ्यांनी पाहायचे तसं. "रोल खराब होते जी. सगळ्यायचा होते. तसं सांगून द्या तिले, अन दुसरा काढून द्या. लगन झालं की मंग पोरगी कुठी अन माय कुठी."

मी नाही गेलो. माघात शेवंताचं लग्न झालं. वाकलेल्या कवतिकाचा फोटो भोपाळच्या प्रदर्शनात लागला, वाखाणला गेला, आणि त्या दोन हातांनी मला पुढची कामं मिळवून दिली. नंतर कितीदा तरी त्या रस्त्यानं गेलो. लोधीखेडा मागे पडलं की मी डोळे मिटून घ्यायचो. बोरगाव निघून गेलं की जाग यायची. सोबतचे म्हणायचे, याला कुठेही झोप लागते.

दोन वर्षांपूर्वी सौंसरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये माझे जुने फोटो लावले होते. आपल्याच गावात सत्कार म्हणजे शाल, नारळ आणि पंख्याचा कुरकुर आवाज. लोक पाहून पाहून गेले. एक बाई मात्र एकाच फोटोसमोर उभी होती. साठीला टेकलेली, पांढरी साडी, हातात कापडी पिशवी. मी जवळ गेलो.

"हे मायचे हात," ती म्हणाली. माझ्याकडे न पाहता. "हा अंगठा पाहा. अर्धं नख नाही. इळा लागला होता."

मी तो फोटो हजार वेळा पाहिला असेल. ते नख मी कधी पाहिलं नव्हतं.

"पण तोंड कुठी आहे?"

"वाकली होती ती," मी म्हटलं.

तेव्हा तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. नाक तसंच सरळ होतं. "तुमी फोटोवाले भाऊ नं? बोरगावले येत होते ते? मी शेवंता."

कवतिकाबाई जाऊन सहा वर्षं झाली होती. फोटो होता तिचा, मतदानाच्या कार्डावर. काळाकुट्ट, कोण आहे ते नाव वाचून कळावं असा. मला वाटलं, आता तरी सांगून टाकावं. मी तोंड उघडलं, "त्या दिवशीचा तुमचा फोटो..."

"नव्हता काढला. मालूम आहे नं," शेवंताबाई सहज म्हणाल्या. "माय त्याच दिवशी बोलली घरी. म्हणे, कापसाचे काढे तवा दर वेळी खट् वाजे, लाइट नाही पडे. आपल्या टायमाले नुसता लाइट पडला. खट् नाही वाजलं."

"माहीत होतं तर ती विचारत का राहिली? पांढुर्ण्यापर्यंत का आली?"

"मीबी इचारलं होतं तिले. तर म्हणे, एकदम खोटा पाडला तर तो आपल्याकडं पाहणारच नाही. आपण मांगत राहाचं. मांगता मांगता त्याले लाज येईन, अन काढंन."

ती रागानं बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. मला लाज वाटली. कवतिकाबाईंनी जितके दिवस वाट पाहिली त्या सगळ्या दिवसांची, एकदम. मी त्या शेतात नसल्यासारखं राहायला गेलो होतो, आणि वाकून कापूस वेचणारी बाई माझा एकेक आवाज टिपून घेत होती. पाहणारा कोण आणि पाहिला जाणारा कोण, हे ठरवायचा हक्क आपल्याकडेच आहे असं मी आयुष्यभर धरून चाललो होतो.

शेवंताबाईंचा पत्ता लिहून घेतला. का, ते तेव्हा मलाही नक्की ठाऊक नव्हतं. नागपूरला आल्यावर जुन्या पत्र्याच्या डब्यातून त्या हंगामाचे कागद काढले. त्या दिवशीच्या रोलचा कागद पिवळा पडला होता. भिंग लावलं. वाकलेली कवतिका. आणि तिच्या पुढच्या फोटोवर लाल फुली.

फुलीखाली कवतिकाबाई मागे वळून हसत होत्या. तोंड भरून, पुढचे दात दिसतील असं, ओटीत कापूस तसाच. आणि मागे बांधाच्या खाली शेवंता, एका पायावर उभी, तोल सावरत, चिखलानं भरलेली एक चप्पल हातात धरून, तीही हसत. मायलेकींची तोंडं एकाच फोटोत, स्पष्ट, सकाळच्या उन्हात.

मी भिंग खाली ठेवलं. पांढुर्ण्याला त्या बाकावर बसून ती फोटो मागत होती, तेव्हा फोटो आत होता. डार्करूमच्या टेबलावर, माझ्यापासून हातभर अंतरावर. मारोतरावांनी बोट ठेवून दाखवला होता. आणि मी म्हटलं होतं, रोल खराब झाला.

मारोतराव आता नाहीत, त्यांचा स्टुडिओही नाही. डब्यातल्या निगेटिव्हवरून फोटो नागपुरातल्या एका दुकानात मशीनवर छापून घेतला. त्याला कसलाच वास नव्हता. वरुडच्या बसमध्ये माफीची वाक्यं जुळवली, मोडली, परत जुळवली.

शेवंताबाईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि फोटो दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाल्या, "माही चप्पल फसली होती पाटाच्या चिखलात. सासरचे येणार होते नं, म्हणून नवी घातली होती." आणि पुन्हा पाहत राहिल्या. त्यांचं बोट आईच्या तोंडावर गेलं, पण टेकलं नाही.

"म्हणजे एकदा वाजलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"मंग मायले कसं नाही ऐकू आलं?"

जुळवलेलं एकही वाक्य मला आठवलं नाही. "हसत होती ना ती," मी म्हटलं.

शेवंताबाईंनी मान हलवली. फोटो भिंतीवर लावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी खाटेखालून लग्नातली लोखंडी पेटी ओढली, झाकण उघडलं, घड्या केलेल्या लुगड्यांमध्ये फोटो ठेवला आणि पेटी पुन्हा आत सरकवली. मी दाराकडे वळलो होतो.

"चालले कुठी?" त्या म्हणाल्या. "बसा भाऊ. संत्रं सोलून देते."